मार्गदर्शक पाहिजे

पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठाच्या आवारातून बाहेर पडून पाषाणच्या रस्त्याला लागले, म्हणजे फार तर दोन कोसांच्या टापूत विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांची घरे एकापाठोपाठ एक लागत जातात. विद्यापीठाच्या आवारातच, १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था आहे. तिच्या निकट रेडिओ खगोलशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र आहे, ज्याच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या जुन्नर तालुक्यात खोडदच्या आसपास पसरलेल्या आहेत. आणि पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्रही तेथेच आहे. रस्त्याने पुढे गेले की, ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जिचे उद्घाटन झाले ती राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्या शेजारी २००६ साली सुरू झालेली ‘आयसर’, आणि त्याहून पुढे मान्सूनचा छडा लावण्यात गुंतलेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. शहराच्या इतर भागांत विखुरलेली विषाणुविज्ञान संस्था आणि ‘महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी’ या नावाने १९४६ साली जिची स्थापना झाली ती आघारकर संशोधन संस्था यांची भर घातली, तर एकाच शहरात तारे, रेणू, पेशी, पाऊस, विषाणू आणि वनस्पती या सर्वांवर प्रबंध लिहिण्याची सोय आहे असे म्हणावे लागते.

या संस्था सार्वजनिक पैशावर चालतात, आपल्या जागांच्या जाहिराती जाहीरपणे देतात, आणि दफ्तरी दृष्टीने त्यांचे दरवाजे सर्वांना खुले आहेत. तरीही परभणी, गोंदिया किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयातून उत्तम गुणांनी एम.एस्सी. झालेल्या मुलीला ‘तेथे पीएच.डी.ला जागा कशी मिळते?’ असा साधा प्रश्न विचारून पाहावा, म्हणजे तिच्या माहितीत नेट नावाच्या परीक्षेपलीकडे फारसे काही नाही असे पुष्कळदा आढळून येईल. हा दोष तिचा नाही. परीक्षेने केवळ पात्रता ठरते. जागा शेवटी एक माणूस देतो, ज्याला आपल्याकडे मार्गदर्शक किंवा बोलीभाषेत ‘गाईड’ म्हणतात. आणि त्या माणसापर्यंत पोचण्याची वाट कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा महाविद्यालयात कोणी आधी त्या वाटेने गेलेले असते, त्यांना ती बोलता बोलता कळते. इतरांना ती उशिरा कळते, आणि उमेदीच्या वयात दोन वर्षांचा उशीर हा फार मोठा खर्च असतो. म्हणून त्या वाटेचे जमेल तितके सविस्तर वर्णन करणे हा या लेखाचा हेतू आहे.

परीक्षेचा दरवाजा

पहिला आणि राजमान्य मार्ग परीक्षेचा. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, जी २६ सप्टेंबर १९४२ रोजी स्थापन झाली आणि आज सीएसआयआर याच नावाने ओळखली जाते, ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जोडीने वर्षातून दोनदा विज्ञानातील नेट परीक्षा घडवून आणते. रसायन, भौतिक, गणित, जीवविज्ञान, आणि पृथ्वी-वातावरण-सागर-ग्रहविज्ञान असे तिचे पाच विषय आहेत. वरच्या श्रेणीत आलेल्यांना ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळते. विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘जेआरएफ लागते’. १ जानेवारी २०२३ पासून या विद्यावेतनाची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि प्रगती समाधानकारक ठरल्यास पुढील तीन वर्षे दरमहा ४२,००० रुपये आहे, शिवाय घरभाडे वेगळे. हीच रक्कम २०१९ पूर्वी २५,००० होती आणि २०१९ च्या जानेवारीपासून ३१,००० झाली; ती वाढ देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून केलेल्या आंदोलनानंतर मिळाली, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. मंजूर झालेली रक्कम वेळेवर हातात पडत नाही ही तक्रार मात्र या वाढींनी संपलेली नाही.

जेआरएफ लागली म्हणजे पीएच.डी.ला जागा मिळाली, असा जो सार्वत्रिक समज आहे तो अर्धाच खरा आहे. फेलोशिपचा हुकूम हातात आला तरी, ठरावीक मुदतीत एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत मार्गदर्शक शोधून तिथे रुजू व्हावे लागते. ती मुदत टळली की हुकूमही निरर्थक होतो. इकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. परिणामी ‘जेआरएफ आहे, पण गाईड नाही’ हे वाक्य आपल्या विद्यापीठांच्या विभागांतून वारंवार ऐकू येते, आणि ते उच्चारणारा विद्यार्थी एका दालनातून दुसऱ्या दालनात रिकाम्या जागेची चौकशी करीत हिंडत असतो.

शिवाय नेट हा एकच दरवाजा आहे असेही नाही. अभियंत्यांप्रमाणे विज्ञानाच्या पदव्युत्तरांनाही गेट परीक्षेवर अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. भौतिकशास्त्रासाठी अनेक संस्थांनी मिळून चालविलेली जेस्ट ही परीक्षा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था आपली स्वतंत्र परीक्षा घेते. गणितासाठी राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाची शिष्यवृत्ती आहे. जीवविज्ञानासाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या फेलोशिपा आहेत. विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी ‘इन्स्पायर’ आहे. आणि २०१८ पासून निवडक संस्थांत पंतप्रधान संशोधन फेलोशिप सुरू झाली, जिची रक्कम दरमहा ७०,००० रुपयांपासून सुरू होते. एकाच परीक्षेवर सर्व भिस्त ठेवण्यात धोका किती, हे २०२४ च्या जूनमध्ये दिसून आले. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली आणि पाठोपाठ विज्ञानाची नेटही महिनाभर पुढे ढकलण्यात आली. ज्यांचे प्रवेशाचे वेळापत्रक त्या निकालावर बेतलेले होते त्यांच्या वाट्याला निव्वळ प्रतीक्षा आली.

आणखी एक बाब उमेदवार विचारायची विसरतात, ती म्हणजे पदवी कोण देणार. प्रयोगशाळा आणि पदवी देणारी संस्था या दोन गोष्टी आपल्याकडे बरेचदा भिन्न असतात. आयसर आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतः पदवी देतात. अणुऊर्जा खात्याच्या बहुतेक संस्थांचे विद्यार्थी २००५ साली अभिमत विद्यापीठ झालेल्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेकडे नोंदलेले असतात. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांसाठी संसदेच्या कायद्याने ‘एसीएसआयआर’ ही अकादमी स्थापन झाली आहे. आणि पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थांतील विद्यार्थी पुणे विद्यापीठाकडे नोंद करीत आले आहेत. अभ्यासक्रमाची सक्ती, प्रगतीचा आढावा घेणाऱ्या समितीची रचना, सिनॉप्सिस दाखल करण्याची रीत, प्रबंध परीक्षकांकडून परत येण्यास लागणारा काळ, या सर्वांवर या नोंदणीचा परिणाम होतो.

प्रकल्पाचा दरवाजा

दुसरा मार्ग प्रकल्पातील तात्पुरत्या जागांचा. संस्थांच्या सूचनाफलकांवर या जागांच्या जाहिराती वर्षभर लागत असतात, आणि त्यांची भाषा एकदा वाचली की शंभरदा वाचल्यासारखी आहे: प्रोजेक्ट असोसिएट, जागा एक; मुदत प्रथम एक वर्ष, काम समाधानकारक असल्यास प्रकल्प संपेपर्यंत वाढविण्यायोग्य; नेमणूक सर्वस्वी तात्पुरती, तिच्यामुळे संस्थेत कायम नोकरीचा कोणताही हक्क उत्पन्न होणार नाही; मुलाखतीस येण्याजाण्याचा खर्च दिला जाणार नाही; मूळ दाखले व साक्षांकित नकला सोबत आणाव्यात.

या रूक्ष मजकुरातही वाचणाऱ्याला पुष्कळ काही सापडते. जागा एकच आहे, याचा अर्थ कोणा एका शास्त्रज्ञाला सरकारच्या एखाद्या खात्याकडून किंवा उद्योगाकडून अनुदान मिळाले असून त्यात एका माणसाच्या पगाराची तरतूद आहे. प्रकल्पाचे शीर्षक दिलेले असते. त्यावरून त्या शास्त्रज्ञाचे पूर्वीचे लेख शोधून काढता येतात. आवश्यक अर्हता बहुतेक अर्जदारांपाशी असतेच. निर्णायक असते ती तिच्याखाली लहान अक्षरांत लिहिलेली इष्ट अर्हता. पेशीसंवर्धनाचा अनुभव, अमुक वर्णपटमापकावर काम केल्याची सवय, संगणकाच्या अमुक भाषेची जाण, असे तिथे जे लिहिलेले असते ती त्या प्रयोगशाळेची खरी निकड होय. ती निकड आपण कशी भागवू शकतो हे मुलाखतीत दोन वाक्यांत सांगू शकणारा उमेदवार, गुणपत्रिकेत चार टक्के कमी असूनही, पुढे जाण्याचा संभव मोठा असतो.

ज्याची नेट अजून निघालेली नाही किंवा ज्याच्या महाविद्यालयात चांगली उपकरणे नव्हती, त्याला या जागेवर वर्षभर राहून प्रयोगशाळेचे दैनंदिन जीवन जवळून पाहता येते, परीक्षेचा अभ्यास चालू ठेवता येतो, आणि एका शास्त्रज्ञाला त्याचे काम प्रत्यक्ष दिसते, ज्याचे शिफारसपत्र पुढे कामास येते. पण हीच जागा सापळाही होऊ शकते. प्रकल्प संपला की पगार संपतो; एका प्रकल्पातून दुसऱ्यात असे करीत तीन-चार वर्षे निघून जातात; आणि पीएच.डी.च्या नोंदणीचा विषय दर सहा महिन्यांनी पुढे ढकलला जातो. रुजू होण्यापूर्वीच ‘या जागेवरून पीएच.डी.ची नोंदणी होऊ शकते काय, आणि किती दिवसांत?’ असा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. मार्गदर्शकाने दिलेले उत्तर काय आहे याच्याइतकेच, ते किती स्पष्ट आहे यालाही महत्त्व आहे.

दारावरची माणसे

जागा शेवटी माणूस देतो या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि १९०९ साली स्थापन झालेल्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, मुंबईच्या कमला भागवत १९३३ साली प्रवेश मागण्यास गेल्या. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच संस्थेत शिकून गेलेले. स्वतः कमलाबाई मुंबई विद्यापीठात अव्वल. संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते, आणि त्यांनी केवळ स्त्री म्हणून हा अर्ज नाकारला. कमलाबाई हटून बसल्या. अखेर पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नाहीत आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरणात व्यत्यय येऊ नये, अशा मानहानिकारक अटींवर त्यांना घेण्यात आले. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजला जाऊन कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींमधील सायटोक्रोम ‘सी’वर काम केले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ती पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. कमला सोहोनी या नावाने त्या पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. दुर्गाबाई भागवत त्यांच्या भगिनी.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत काही वर्षांनी ॲना मणी यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर काम केले, पाच स्वतंत्र शोधनिबंध लिहिले आणि १९४५ साली मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. या वेळी अडवणूक कोणा व्यक्तीने केली नाही; त्यांच्याकडे एम.एस्सी. ही पदवी नाही, सबब पीएच.डी. देता येत नाही, असे विद्यापीठाने कळविले. ॲना मणी इंग्लंडला गेल्या, हवामानाच्या उपकरणांचे शास्त्र शिकल्या, आणि १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू होऊन त्या क्षेत्रात त्यांनी भारताला स्वावलंबनाकडे नेले. पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

या दोन हकीकतींकडे केवळ जुन्या काळातील अन्याय म्हणून पाहिले तर त्यांतला अर्थ अपुरा राहतो. एका प्रसंगी व्यक्तीचा अधिकार आडवा आला आणि दुसऱ्या प्रसंगी नियमाची अक्षरे. पुढच्या काळात परीक्षा आणि आरक्षण यांनी व्यक्तीच्या अधिकाराला पुष्कळ आवर घातला, आणि हे योग्यच झाले. नियमही सैल झाले, इतके की २०२२ पासून चार वर्षांची पदवी उत्तम गुणांनी पूर्ण करणाऱ्यास एम.एस्सी.वाचूनही पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. तथापि कोणत्या विद्यार्थ्याला आपल्या प्रयोगशाळेत घ्यावे, कोणता प्रश्न त्याच्या हाती द्यावा, त्याचा शोधनिबंध केव्हा प्रसिद्धीस पाठवावा आणि प्रबंध केव्हा पुरा झाला असे म्हणावे, या चारही बाबतींत मार्गदर्शकाचा शब्द आजही बहुतांशी अखेरचा असतो. विद्यार्थ्याच्या वयाची पाच-सहा वर्षे त्या शब्दावर अवलंबून असतात, आणि म्हणूनच मार्गदर्शकाची निवड संस्थेच्या निवडीहून अधिक विचाराने करावयास हवी.

शाखा तितक्या रीती

ही निवड करण्याची रीत शाखेगणिक बदलते, आणि सर्वसामान्य उपदेश इथे उपयोगी पडत नाहीत.

रसायनशास्त्रात प्रयोगशाळा हे एक मोठे कुटुंब असते. मार्गदर्शकाच्या चालू कार्यक्रमातला एक भाग विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो आणि रोजचे शिक्षण वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या हाताखाली होते. त्यामुळे मार्गदर्शकाइतकीच त्याच्या गटातील माणसांची चौकशी करावी. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी किंवा १९३३ साली सुरू झालेल्या आणि जुने लोक अजून ‘यूडीसीटी’ म्हणतात त्या मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत उद्योगांच्या पैशावर चालणारे कामही असते. त्यात साधनांची ददात नसते, पण गोपनीयतेच्या करारामुळे निबंध प्रसिद्ध होण्यास विलंब लागू शकतो, ही गोष्ट आधी समजून घेणे बरे.

जीवविज्ञानात प्रयोग संथ असतात, प्राणी आणि पेशी माणसाच्या वेळापत्रकाने वाढत नाहीत, आणि पाचाची सहा वर्षे होणे नवलाचे नसते. म्हणून या शाखेतील काही संस्थांत पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे काम करावे आणि मग मार्गदर्शक निवडावा अशी पद्धत आहे. तिला रोटेशन म्हणतात. ज्या संस्थेत ही सोय आहे तिला उमेदवाराने झुकते माप द्यावे. लग्नापूर्वी चार भेटी होणे ज्या कारणाने हिताचे, त्याच कारणाने हेही हिताचे.

खगोलशास्त्रात आरंभीचे वर्ष पाठांचे असते. आयुका आणि रेडिओ खगोल केंद्र यांचे पाठ कित्येक वर्षे संयुक्तपणे चालत आले आहेत. दुर्बिणीचा वेळ प्रस्तावांच्या स्पर्धेतून मिळतो, आणि खोडदच्या दुर्बिणीवर जगातला कोणीही शास्त्रज्ञ वेळ मागू शकतो. तेव्हा ज्याला रात्रभर आकाश पाहण्याची हौस आहे त्याने हे लक्षात घ्यावे की, प्रत्यक्षात त्याचा बहुतेक काळ संगणकासमोर आकड्यांची छाननी करण्यात जाईल. संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्याने या शाखेचा मोह आवरावा. गणितात प्रकल्पाच्या जागा जवळजवळ नसतात, उपकरणे लागत नाहीत, आणि विद्यार्थी आपल्या प्रश्नासह एकटा असतो. तिथे मार्गदर्शक आठवड्यातून एक तास तरी फळ्यासमोर उभा राहतो की नाही, एवढे एकच परिमाण पुरे आहे.

काही शाखांकडे तर पात्र विद्यार्थी केवळ नाव ठाऊक नसल्यामुळे फिरकत नाहीत. पाषाणच्या हवामान संस्थेला भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे पदवीधर हवे असतात, कारण मान्सूनचे प्रारूप म्हणजे अखेर द्रवगतिशास्त्राची समीकरणे होत. ती सोडविण्यासाठी २०१८ साली ‘प्रत्युष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक तिथे बसविण्यात आले. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आहे, ज्याच्यामार्फत अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या ठाण्यांवर शास्त्रज्ञ जातात. दक्षिण कोकणातल्या रसायन, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही ठिकाणे पुण्या-मुंबईहून जवळ असूनही मनाने दूर वाटतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुले विज्ञान कसे शिकतात यावर पीएच.डी. करता येते. आणि १८२१ साली ज्याचा उगम झाला त्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या अंगाने प्राण्यांची हाडे आणि जळालेली धान्ये तपासली जातात, ज्यासाठी प्राणिशास्त्राचा आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी अगदी योग्य असतो.

एखाद्या संस्थेची ओळख करून घेण्याचा सर्वांत स्वस्त उपाय उन्हाळी सुटीचा आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयुका यांचे स्वतःचे सुटीतले कार्यक्रम आहेत, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली असते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला एखाद्या शिक्षकाने यांपैकी एका अर्जावर सही करायला लावली, तर पुढची पुष्कळ धडपड वाचते.

समुद्रापलीकडे

परदेशी जाण्याचा मार्गही आपल्याकडे जुना आहे. जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कर्जरूपाने साहाय्य करणारा निधी १८९२ सालीच स्थापन केला होता. आणि इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या होत्या. मात्र आजच्या उमेदवाराने ‘परदेश’ असा एकच शब्द वापरणे टाळावे, कारण देशागणिक पीएच.डी.ची कायदेशीर जातच निराळी आहे. नेदरलँड्स आणि स्वीडन इथे ती बहुधा पगारी नोकरी असते. रिक्त जागेची जाहिरात निघते, अर्ज ठरावीक तारखेपर्यंत जातो आणि नेमणूक झाल्यास करार होतो. जर्मनीत दोन्ही रीती आहेत: प्राध्यापकाशी थेट पत्रव्यवहार करून त्याच्याकडे रुजू होणे, किंवा माक्स प्लांक संस्थांनी विद्यापीठांच्या साहाय्याने चालविलेल्या शाळांमध्ये स्पर्धेतून प्रवेश घेणे. अमेरिकेत विद्यार्थी विभागाकडे अर्ज करतो, पहिली दोन वर्षे पाठ आणि शिकवणी यांत जातात, आणि मार्गदर्शक मागाहून ठरतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोडोव्हस्का-क्युरी योजनेत तर उमेदवाराने मागील छत्तीस महिन्यांत त्या देशात बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य केलेले नसावे अशी अट आहे. म्हणजे आधी तिथे जाऊन एम.एस्सी. करणारा याच अटीवर बाद होऊ शकतो, आणि भारतातून थेट अर्ज करणारा पात्र ठरतो.

परदेशी प्राध्यापकाला लिहावयाच्या पत्राविषयी एवढेच सांगणे पुरे की, ते आदराच्या विशेषणांनी लांबवू नये. आपण कोण, त्याच्या कोणत्या शोधनिबंधातला कोणता मुद्दा आपल्याला अडला किंवा आवडला, आपल्या हाताला कोणते काम येते, आणि त्याच्याकडे जागा आहे काय, एवढा मजकूर अर्ध्या पानात बसतो. तेच पत्र पन्नास जणांना पाठविले असल्याचे वाचणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. शिफारसपत्र मात्र आपल्या हातचे नसते, आणि आपल्या महाविद्यालयांची खरी उणीव इथे उघडी पडते: ‘हा विद्यार्थी आज्ञाधारक व सालस आहे’ असे लिहिलेल्या पत्राला तिथे किंमत नाही, या मुलाने अमुक प्रयोग फसल्यावर काय केले, हे त्यांना वाचायचे असते.

ज्यांना कोणी सांगत नाही

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांनी अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागासवर्गीय समाजांतील संशोधकांसाठी अधिछात्रवृत्ती सुरू केल्यापासून, ज्यांच्या घरात पदवीधरही नव्हता अशा घरांतून पीएच.डी.ची नोंदणी होऊ लागली आहे. या वृत्तींची संख्या, नोंदणीची तारीख आणि रक्कम यांवरून २०२३ साली मुंबईत विद्यार्थ्यांना धरणे धरून बसावे लागले. सरकारी तिजोरीच्या अडचणी खऱ्या असतीलही. पण संशोधनाला बसलेल्या माणसाला पुढच्या वर्षीच्या भाकरीची खात्री नसेल तर त्याच्याकडून विचाराची स्वस्थता अपेक्षिणे अनुचित आहे. पदवीनंतरचे चित्रही लपवू नये. २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएच.डी. सक्तीची राहिली नाही, नेट किंवा सेट पुरते. आणि महाराष्ट्रात पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकविलेल्या तासांचा मोबदला घेत, वर्षानुवर्षे राबणारे शिक्षक आहेत. केवळ नोकरीच्या आशेने पाच वर्षे घालविण्यापूर्वी हे गणित मांडून पाहिलेले बरे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे संशोधक होते आणि त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. ते दिवस गेले असले तरी, पदवी हे संशोधनाचे साधन आहे, संशोधन हे पदवीचे साधन नव्हे, हे तत्त्व अजून शाबूत आहे.

हे सर्व ध्यानात घेता संस्थांकडून एका लहानशा सुधारणेची अपेक्षा करणे गैर होणार नाही. प्रत्येक मार्गदर्शकाच्या नावापुढे, आजवर त्याच्याकडे किती विद्यार्थी आले, त्यांतल्या किती जणांनी प्रबंध पुरा केला, त्यास किती वर्षे लागली, किती जण मध्येच सोडून गेले आणि पुरा करणारे आज कोठे आहेत, एवढी पाच उत्तरे संस्थेने प्रसिद्ध करावीत. ही माहिती संस्थेच्या दफ्तरात असतेच. आजही ती बाहेर फुटते, पण भोजनगृहातल्या गप्पांमधून, आणि त्या गप्पांना बसण्याचे भाग्य आतल्या ओळखीच्या मुलांनाच लाभते. ती छापील झाली की परभणीच्या मुलीची आणि पुण्याच्या प्राध्यापकाच्या मुलाची स्पर्धा निदान या एका बाबतीत बरोबरीची होईल, आणि चांगल्या मार्गदर्शकांचे त्यात काहीच बिघडणार नाही. तोपर्यंत उमेदवाराने हे पाच प्रश्न स्वतःच विचारावेत: मुलाखतीच्या अखेरीस ‘तुम्हांला काही विचारायचे आहे काय?’ असे म्हटले जाते, तेव्हा आपल्याकडची मुले बहुधा मान हलवून नाही म्हणतात. त्या ठिकाणी अदबीने, पण स्पष्टपणे विचारावे. पाच वर्षांचा करार दोन पक्षांत होत असतो आणि चौकशीचा हक्क दोन्ही पक्षांना असतो. प्रश्न विचारला म्हणून जो मार्गदर्शक नाराज होईल, त्याच्याकडे संशोधन शिकण्यासारखे फारसे काही नाही, हेही त्याच क्षणी कळून चुकते.